‘हे’ छापायचं नाही

१९९८ सालचा पावसाळा. फोर्टातल्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत सेशन्स कोर्ट भरतं, तिथं खंडणीचा एक खटला चालू होता. मी कोर्ट बीटवर, म्हणजे कोर्टाच्या बातम्या करण्याच्या कामावर, नवीन होते. नवीन म्हणजे किती, तर आरोपीचा वकील कुठला आणि सरकारी वकील कुठला हे ओळखायला मला पहिले दोन दिवस लागले होते. त्या दिवशी मशीद बंदरचा एक घाऊक व्यापारी साक्षीला उभा होता. शपथ झाली, नाव-पत्ता झाला, आणि सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न विचारायच्या आतच त्यानं हात जोडले. “साहेब, मागच्या तारखेला पेपरात आलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानावर फोन. उधारीवर माल देणारेसुद्धा आता रोख मागतात.”

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. आमच्या बाकाकडे पाहिलं. आम्ही चौघं होतो. म्हणाले, “प्रेसवाल्यांनी हे छापायचं नाही.”

आणि साक्ष सुरू झाली. चांगली दोन तास चालली. माझ्या वहीची नऊ पानं भरली.

दुपारी चहाच्या टपरीवर आम्हा चौघांचं भांडण जुंपलं, ते ‘हे’ म्हणजे काय यावरून. एकाचं म्हणणं, ‘हे’ म्हणजे साक्षीदाराचं नाव. दुसरा म्हणाला, नाव आणि दुकान. तिसऱ्याच्या मते आजची अख्खी साक्ष. मी घाबरट, म्हणून मला वाटलं की सगळा खटलाच. संध्याकाळी ऑफिसात चीफ रिपोर्टरांनी विचारलं, “कॉपी कुठंय?” मी म्हटलं, साहेबांनी बंदी घातलीये. “ऑर्डर दाखव.” ऑर्डर नव्हती. “मग बंदी कुठंय?” दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी पेपरात नाव वगळून सगळी साक्ष आली. त्या वार्ताहराला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र आठवडाभर ऑफिसात ‘मौनीबाबा’ म्हणत होते, तेही बाई असून.

हे सगळं आत्ता आठवायला कारण आहे, त्याकडे येतेच. पण आधी मिरजकर.

त्या भांडणानंतर चीफ रिपोर्टरांनीच मला सांगितलं, की बाई, तुझ्याआधी तीस-पस्तीस वर्षं हाच घोळ हायकोर्टात झालाय आणि तो थेट दिल्लीला नऊ न्यायमूर्तींपुढं गेलाय. जा, वाच. वकिलांच्या लायब्ररीत ओळखीनं बसून मी तो निकाल वाचला. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ३ मार्च १९६६. अर्धाअधिक तेव्हा कळला नाही. पुढं दर दोन-तीन वर्षांनी वाचत गेले, तसतसा थोडा थोडा कळत गेला.

गोष्ट अशी. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं १९६० साली कापडगिरणीवाले कृष्णराज ठाकरसी यांच्याविरुद्ध लेख छापला. ठाकरसींनी संपादक रुसी करंजियांवर तीन लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो मुंबई हायकोर्टात न्या. तारकुंड्यांपुढं चालला. भाईचंद गोडा नावाचा साक्षीदार होता. त्याची साक्ष आधी एकदा होऊन पेपरात आली होती. पुन्हा बोलावलं तेव्हा तो म्हणाला की छापून आल्यामुळं माझ्या धंद्याचं नुकसान झालं, आता तरी छापू देऊ नका. माझा मशीद बंदरवाला आणि हा गोडा यांची कधी भेट झाली असण्याची शक्यता नाही, पण वाक्य जवळजवळ तेच. न्यायमूर्तींनी तोंडी सांगितलं की याची साक्ष छापू नये. लेखी आदेश मागितला गेला. उत्तर मिळालं की तोंडी सांगितलंय ते पुरे आहे.

मिरजकर हे ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर. ते आणि आणखी काही पत्रकार आधी हायकोर्टात गेले, तिथं १९६४ मध्ये याचिका फेटाळली गेली. मग सुप्रीम कोर्ट. प्रश्न मोठा होता. न्यायालयाच्याच आदेशानं नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो का? आणि भर कोर्टात, दारं उघडी ठेवून झालेली साक्ष छापू नका असं सांगण्याचा अधिकार हायकोर्टाला आहे का? सरन्यायाधीश होते गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे. निवृत्तीला बारा दिवस उरले होते. आठ विरुद्ध एक असा निकाल लागला आणि पत्रकार हरले. बहुमतानं म्हटलं की खटला उघड्यावर चालवायचा हा नियमच आहे, पण न्याय नीट व्हावा म्हणून अपवाद करण्याचा अंगभूत अधिकार हायकोर्टाला आहे. त्यात प्रसिद्धी थांबवणंही आलं. विरोधात एकटे न्या. हिदायतुल्ला. साक्षीदाराच्या धंद्याला झळ लागते एवढ्यासाठी साक्ष झाकता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला यात कायद्यापेक्षा एक वेगळीच गंमत दिसते आणि ती मी भेटेल त्या तरुण वार्ताहराला सांगते. सरन्यायाधीशांना निकालात आधी हे ठरवावं लागलं, की मुळात तारकुंडे साहेबांनी सांगितलं काय होतं. बंदी खटला संपेपर्यंत होती की कायमची? आदेश कागदावर नाही, मग कसं ठरवणार? बहुमतानं तर्कानं असं धरलं की ती खटला चालू असेपर्यंतच असणार. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती, आणि चर्चा आमच्या टपरीवरचीच. ‘हे’ म्हणजे नक्की काय?

तारकुंड्यांचं पुढं काय झालं तेही ऐका. सासवडचा माणूस, रॉयवादी, म्हणजे विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांना मानणारा. १९६९ मध्ये हायकोर्ट सोडलं. आणीबाणीत जयप्रकाशांबरोबर नागरी स्वातंत्र्यासाठी उभे राहिले, पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या पायाशी त्यांचं नाव आहे. या देशातल्या नागरी हक्कांच्या चळवळीचे जनक म्हणून लोक त्यांना ओळखतात. आणि कायद्याच्या पुस्तकात पत्रकारांचं तोंड बंद करण्याचा जो सर्वात गाजलेला आदेश आहे, तोही त्यांचाच. एकाच माणसात दोन्ही मावतं. मला यात विसंगती वाटायची, आता तितकीशी वाटत नाही. समोर हात जोडून उभा राहिलेला माणूस दिसला की न्यायाधीश काय, कुणीही चटकन ‘हे राहू द्या’ म्हणून जातो. माझा राग दयेवर नाही. ती कागदावर उतरली नाही, यावर आहे.

मध्येच एक विनोद सांगून टाकते, नाहीतर विसरेन. ‘इन कॅमेरा’ सुनावणी. कॅमेरा म्हणजे मूळ लॅटिनमध्ये खोली; बंद खोलीतली सुनावणी. आमच्याकडं एका उपसंपादकानं माझ्या बातमीला मथळा दिला होता, ‘आता सुनावणी कॅमेऱ्यासमोर!’ आणि वर स्वतःहून एक ओळ घातली, ‘पारदर्शकतेचे स्वागत’. दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी मला पेपर दाखवला आणि काही न बोलता फक्त हसले. तेव्हापासून मी ‘बंद दाराआड’ असंच लिहायला लागले.

बंद दारं मला मान्य नाहीत असं कुणाला वाटेल, म्हणून माझीच एक चूक सांगते. ही सांगायला मला वीस वर्षं लागली. मुंबईबाहेरच्या एका तालुक्याच्या गावातला बलात्काराचा खटला. पीडितेचं नाव छापायचं नाही हे मला पाठ होतं. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ, आता न्याय संहितेचं ७२. मी नाव छापलं नाही. गावाचं नाव छापलं, कारण डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला ठिकाण, लागते. ती कितवीत आहे ते छापलं, कारण वाचकाला वय कळावं. आणि एक वाक्य लिहिलं, की वडील एसटी स्टँडवर हॉटेल चालवतात. त्या स्टँडवर एकच हॉटेल होतं. आठ दिवसांनी वडिलांचा फोन आला ऑफिसात. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, नाव तरी कशाला लपवलंत?”

कायद्यात शब्द ‘नाव’ एवढाच नाही. ओळख पटेल असं काहीही, असा त्याचा अर्थ आहे आणि तो मी शाळकरी पोरीसारखा अर्धाच पाठ केला होता. २०१८ च्या डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे ठणकावून सांगितलं. पीडिता हयात नसली, तरी आईवडिलांनी हो म्हटलं म्हणून नाव उघड करता येत नाही, सत्र न्यायाधीशांची परवानगी लागते. त्या निकालावर आमच्या काही मित्रांनी नाकं मुरडली. मी नाही मुरडलं. ते हॉटेल डोळ्यासमोर होतं.

तर बंदी कुणासाठी, हे मी पहिल्यांदा बघते. २०१७ च्या नोव्हेंबरात सोहराबुद्दीन शेख चकमक खटल्यात मुंबईच्या सीबीआय विशेष न्यायालयानं वार्तांकनावर बंदी घातली, ती मागितली होती बचाव पक्षानं. आरोपी बहुतेक पोलीस. रोजच्या रोज साक्षी छापून आल्या तर काहीतरी अनुचित घडेल, असं कारण. या वेळी आदेश लेखी होता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणेन. पत्रकार कोर्टात बसू शकत होते, ऐकू शकत होते, लिहू शकत नव्हते. पोटभर जेवण समोर वाढायचं आणि हात बांधायचे, तसं.

नऊ पत्रकार आणि बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नालिस्ट हायकोर्टात गेले. २४ जानेवारी २०१८ ला न्या. रेवती मोहिते-डेरे यांनी बंदी रद्द केली. सत्र न्यायाधीशाला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं असा सरसकट अधिकार दिलेलाच नव्हता. असे आदेश क्वचित प्रसंगी, तेही उच्च वा सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं. मिरजकर निकालानं हायकोर्टाला दिलेला अधिकार खालच्या कोर्टाला आपोआप मिळत नाही, एवढा साधा हा मुद्दा. पण तो कुणीतरी जाऊन मांडावा लागतो. त्या याचिकेत आमच्या पेपरचं कुणी नव्हतं. ‘बघू, काय होतं ते’ असं वर ठरलं होतं. मी तेव्हा डेस्कवर होते. जाऊन सही करता आली असती का, हा प्रश्न मी स्वतःला सोयीनं टाळते.

बंदी उठल्यावर काय झालं? एकामागून एक साक्षीदार फिरले. २१० साक्षीदार तपासले गेले, त्यातले ९२ फितूर झाले. २१ डिसेंबर २०१८ ला सगळे २२ आरोपी सुटले. निकाल बरोबर की चूक ते मी इथं म्हणत नाही. पण ९२ हा आकडा रोजच्या बातम्यांतून लोकांसमोर वाढत वाढत गेला, दहा, वीस, चाळीस. बंदी राहिली असती तर तो एकदम शेवटच्या दिवशी, निकालाच्या बातमीत तिसऱ्या परिच्छेदात आला असता.

या दोन टोकांमध्ये सुप्रीम कोर्टानं एक मधला रस्ता आखून दिला आहे. सप्टेंबर २०१२, सहारा विरुद्ध सेबी, पाच न्यायमूर्ती, सरन्यायाधीश कपाडिया. त्याचं सार स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर झाकण ठेवा, पण गॅस बंद करू नका. बातमी दडपायची नाही, पुढं ढकलायची. तीही थोड्या काळासाठी, खटल्याच्या निष्पक्षतेला खरोखरच मोठा धोका असेल तर, आणि दुसरा उपाय नसेल तर. दुसरा उपाय म्हणजे खटला दुसरीकडं हलवणं वगैरे. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा या निकालावर टीका केली, कारण सगळ्यात पैसेवाला आरोपीच आधी अर्ज घेऊन जाणार. ती भीती खोटी नव्हती. पण ‘थोड्या काळासाठी’ हे शब्द निदान कागदावर आले, याचं मला बरं वाटलं.

आणि गांधीजींना सोडून कसं चालेल? १९१९ मध्ये अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी, सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या करणाऱ्या वकिलांबद्दल मुंबई हायकोर्टाला एक पत्र पाठवलं. प्रकरण चालू असतानाच गांधीजींनी ते ‘यंग इंडिया’त टिप्पणीसह छापलं. कोर्टानं माफी मागा म्हटलं. त्यांनी मागितली नाही. मार्च १९२० मध्ये त्यांना आणि प्रकाशक महादेव देसाईंना कडक समज देऊन सोडलं. त्याच हायकोर्टाच्या इमारतीत एका खांबावर दगडात कोरलेलं एक डोळा झाकलेलं माकड आहे, हातात तराजू घेतलेलं. नवीन वार्ताहर आला की आम्ही त्याला आधी ते दाखवायला न्यायचो.

आता, हे सगळं आत्ता का लिहितेय. माझ्या पुतणीची घटस्फोटाची केस वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात चालू आहे. मागच्या आठवड्यात थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. “अगं, त्या लोकांच्या आत्यानं फेसबुकवर काय काय लिहिलंय बघितलंस का? कोर्टात हिनं काय सांगितलं ते सुद्धा! तू एवढी पत्रकार, तू पण लिही की चांगलं खमंग.” मी म्हटलं, वहिनी, लिहायचं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२. ही सुनावणी बंद दाराआडच व्हायची आणि त्यातलं काही छापायचं नाही. दंड फक्त हजार रुपये. जाऊबाई लगेच, “हजारच? मग मी भरते.”

खरंच हसू आलं. १९५५ च्या कायद्यातले हजार रुपये. आत्याबाईंनी लिहिलेलं त्या कलमात नेमकं कसं बसतं, याचा कीस वकील पाडतील. मी जाऊबाईंना एवढंच सांगितलं की त्याचा स्क्रीनशॉट वकिलांकडं द्या, फॅमिली ग्रुपवर टाकू नका. रात्री बघते तर तो ग्रुपवर आलाच होता, खाली सतरा जणांची मतं. एक मत न्यूजर्सीहून.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मी न्या. अभय ओक यांचा मागच्या वर्षीचा निकाल पुन्हा काढून बसले. ओक साहेब ठाण्याचे, ठाणे कोर्टातच वकिली सुरू केलेले, म्हणून आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना जरा जास्तच आपले. एएनआय या वृत्तसंस्थेनं विकिपीडियावर दोन कोटींचा दावा लावला होता. त्या दाव्याबद्दलच विकिपीडियावर एक पान तयार झालं, आणि दिल्ली हायकोर्टानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३६ तासांत काढायला सांगितलं. न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी ९ मे २०२५ ला तो आदेश रद्द केला. हे काढा, ते पुसा असं माध्यमांना सांगणं हे कोर्टाचं काम नाही. कोर्टासमोरच्या विषयावरही लोकांनी आणि माध्यमांनी जोरकस चर्चा करायला हवी, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. हाही निवृत्तीच्या दोन आठवडे आधीचा निकाल. गजेंद्रगडकरांचा बारा दिवस आधीचा, ओकांचा पंधरा. साताऱ्यानं झाकण ठेवलं, ठाण्यानं थोडं सरकवलं. (वकील मंडळी, मला माहीत आहे की दोन्ही निकालांचे प्रश्न वेगळे आहेत. डोंबिवलीत राहणाऱ्या बाईला एवढी सूट द्या.)

जोरकस चर्चा हवी, हे मला शंभर टक्के पटतं. आणि पुतणी कोर्टात रडली की नाही यावर सतरा जणांनी मत देऊ नये, हेही तितकंच. एक व्यवहार सार्वजनिक आहे, दुसरा घरचा. अवघड आहेत ती मधली प्रकरणं, जिथं घरचा माणूस सार्वजनिक गोष्टीत साक्षीदार म्हणून उभा राहतो. तो मशीद बंदरवाला तसा होता.

त्याच्याबद्दलचं उरलेलं सांगते. खटला दोन वर्षांनी संपला. त्यानंतर एका वकिलांकडं मी त्या दिवसाच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीची, नक्कल बघितली. त्यात होतं की साक्षीदार हजर, सरतपास पूर्ण, उलटतपास राखीव, पुढील तारीख अमुक. बंदीचा शब्द नाही. म्हणजे बंदी होती की नव्हती? ती नसेल तर मी बातमी उगाच घालवली. आणि असेल तर ती कधी उठली? जी लिहिलीच नाही ती बंदी कुणी उठवणार कशी? मिरजकरच्या बहुमताच्या तर्कानं जायचं तर ती खटल्याबरोबरच संपली असणार.

वही अजून आहे माझ्याकडं, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. काल काढली. पहिल्या दोन पानांना पाणी लागलंय, बाकीची सात स्वच्छ वाचता येतात. कुणाचा फोन आला, किती मागितले, कुठल्या गल्लीत पैसे ठेवायला सांगितले, पोलीस स्टेशनात त्याला पहिल्या वेळी काय ऐकून घ्यावं लागलं, सगळं आहे. संपूर्ण साक्ष इथं टाकायची असं ठरवूनच मी आज लिहायला बसले होते. वर पाहिलंत तर त्यातली दोन वाक्यं मी आधीच वापरून बसलेय, दुकानाच्या फोनांची आणि उधारीची. ती शपथेनंतर पण प्रश्नांच्या आधी बोलली गेली, म्हणजे ‘हे’ मध्ये मोजायची की नाही, कोण जाणे.

पेठ मी सांगितली आहे. मशीद बंदरला घाऊक दुकानं शेकड्यांनी आहेत, एसटी स्टँडवरच्या हॉटेलासारखं ते एकच नाही. माल कशाचा ते लिहिलं होतं, ते आता खोडलं. नाव लिहिलेलं नाही. सात पानं परत पेटीत ठेवली आहेत.